केशरबाईच्या गालावरचा ठिपका

केशरबाई बोलती होती तोवर मेडशीच्या त्या वस्तीत दुसऱ्या कुणाला बोलायला फारसं काही उरतच नसे. विहिरीवर तिचा आवाज, निंदणाच्या पातीवर तिचा आवाज, लग्नात वरमाय रुसली तर समजूत काढायला तिचाच आवाज, आणि खरं सांगायचं तर वरमाय रुसायचीही बहुतेक तिच्यामुळंच. नकला तर अशा करायची की ज्याची नक्कल तोच पोट धरधरून हसायचा, आणि राग त्याला घरी गेल्यावर यायचा. अशी ही बाई एका सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या कलंडली. लकव्यानं हातपाय नेले, वाचा नेली, आणि जाता जाता चेहराही नेला. म्हणजे नाकडोळे जागच्या जागी होते, पण कपाळाला आठी पडेना आणि ओठाची कड हलेना. पापण्या तेवढ्या उघडझाप करायच्या, त्याही आपल्या मनानं, तिच्या नव्हे.

तपासायला आलेल्या डॉक्टरानं बाजेशी वाकून मोठ्यानं विचारलं, “आजी, मी बोलतो ते समजत असेल तर डोळे मिटा.” केशरबाईनं डोळे मिटले नाहीत. ती त्याच्याकडं बघत राहिली, आणि बऱ्याच वेळानं, नाकावर माशी बसली तेव्हा, तिची पापणी लवली. डॉक्टरानं बाहेर येऊन तिच्या मुलाला, देवमनला, सांगितलं की आता यांना काही समजत नाही, खाऊपिऊ घाला आणि स्वच्छ ठेवा. आतून ऐकणारी देवमनची बायको अंजना मनात म्हणाली, बुढीनं जन्मात कोनाचं आयकलं नाई, ते या डाक्टरचं आयकंन काय? पण डॉक्टरपुढं सुनेनं काय बोलायचं, म्हणून ती गप्प राहिली.

त्यानंतर चार वर्षं अंजना सासूचं सगळं करत होती, आणि करता करता बोलत होती. तोंडात पेज घालताना बोलायची, लुगडं बदलताना बोलायची, ओसरी सारवताना पाठमोरी बसूनही बोलायची. वस्तीतल्या सगळ्या बातम्या तिनं त्या बाजेपाशी पोचवल्या. वस्तीत लोक हसायचे. सासू बोलती होती तेव्हा तिनं या सुनेचं कधी कौतुक केलं होतं असंही नाही. भाजी चांगली झाली तर केशरबाई म्हणायची, “आज चुकून बरी झाली वाट्टे.” यापलीकडं शाबासकी अंजनाच्या वाट्याला आलेली नव्हती. तरी तिला वाटायचं की आत कुणीतरी आहे आणि ते ऐकतं आहे. का वाटायचं ते तिला सांगता आलं नसतं.

देवमनचं उलट होतं. तो एसटीत कंडक्टर होता. दिवसभर शंभर माणसांशी हुज्जत घालणारा हा गडी मुळात फार रडका. लहानपणी बैल विकला तरी रडायचा, कणसाचा दाणा दातात अडकला तरी रडायचा. तो रडायला लागला की केशरबाई आधी त्याची नक्कल करायची. खालचा ओठ लांब काढायची, नाक ओढायची, डोळे बारीक करायची. ते बघून पोरगं रडता रडता हसायचं, आणि मग ती त्याला पोटाशी घ्यायची. हे त्याचं लग्न झाल्यावरही चालू होतं. लकवा झाल्यापासून मात्र देवमन बाजेसमोर उभा राहत नसे. ड्युटीवरून यायचा, तिकिटांची पेटी खुंटीला अडकवायचा, उंबऱ्यातूनच आईकडं एक नजर टाकायचा आणि मोरीकडं निघून जायचा. जो चेहरा त्याला रडताना हसवायचा तोच आता लाकडासारखा झाला होता, आणि त्या चेहऱ्यापुढं त्याला रडताही येत नव्हतं.

अठ्ठ्याहत्तर साल लागलं आणि देवमनची बदली अकोल्याला झाली. पोळ्यानंतर हजर व्हायचं होतं. अकोल्यात त्यानं एक खोली पाहून ठेवली. खोली एवढीशी, जिना अरुंद, आणि पाणी खालून आणायचं. मग त्यानं आपल्या परीनं सरळ हिशेब मांडला. बहीण भागिरथा शिरपूरला दिली होती. ती आईला ठेवून घ्यायला तयार होती. तिच्या घरी गोठ्याला लागून एक पडवी होती, तिथं बाज टाकता येत होती. भागिरथा मायाळू होती, आईच्या पोटाला कमी पडलं नसतं. पण ती आणि तिचा नवरा दिवस उगवायला शेतात जायचे ते दिवस बुडताना यायचे. तोवर त्या पडवीत बोलायला कोण? दोन बैल आणि एक गाय.

“त्यांले समजते,” अंजना नवऱ्याला म्हणाली. “तथी एकट्या पडून त्या झुरून मरतीन.”

“काय समजते? दाखव मले. एक तरी गोष्ट दाखव,” देवमन म्हणाला.

अंजनाकडं दाखवण्यासारखं काही नव्हतं. ती त्या दिवशी बाजेपाशी बसून सासूच्या तोंडाकडं इतका वेळ बघत राहिली की शेवटी तिच्याच डोळ्यांना पाणी आलं. चेहरा होता तसाच होता.

त्याच वैशाखात हेमसिंग आला. हेमसिंग जवळच्याच तांड्यावरचा, बंजाऱ्यांचा मुलगा. तो आणि देवमन शाळेत एका बाकावर बसलेले. देवमन मॅट्रिकला अडकला आणि हेमसिंग शिकत शिकत थेट मुंबईला एका मोठ्या संस्थेत पोचला. तिथं तो कॉम्प्युटरवर काम करायचा. वस्तीत तो शब्द कुणी ऐकला नव्हता. देवमनच्या अंगणात, लिंबाखाली, सगळे त्याच्याभोवती जमले.

“खोलीयेवढी मशीन असते,” हेमसिंग सांगत होता. “तिले थंड हवा लागते, थोडी गरम झाली का बंद पडते. तिले मी शिकवून राह्यलो का मानसाचं चित्र पाहून सांग, हा मानूस खूश हाय, रागात हाय, का दुःखात हाय.”

“येवढं तं माही म्हैसबी ओयखते,” ग्यानबा म्हणाला. ग्यानबा वस्तीचा पुढारी, मोठ्या मिशांचा, सभेत बोलायची सवय असलेला माणूस.

“म्हशीले उपजत येते, ग्यानबाकाका. मशीनले शिकवता शिकवता माह्ये केस पांढरे होतीन.”

मग त्यानं आपली रीत सांगितली. माणूस हसला की गाल वर सरकतो, रागावला की भुवया खाली येतात. चेहऱ्यावर कागदाचे ठिपके चिकटवायचे, मोठा कॅमेरा लावून हलती फिल्म काढायची, आणि मुंबईला गेल्यावर प्रत्येक चित्रात कोणता ठिपका कुठून कुठं गेला ते मोजून मशीनला द्यायचं. संस्थेतल्या विद्यार्थ्यांचे चेहरे त्यानं तसे मोजून मशीनला शिकवले होते. आता त्याला वेगळे चेहरे हवे होते, आणि आपल्या गावाकडच्या चेहऱ्यांपेक्षा चांगले चेहरे त्याला कुठं मिळणार?

पण वैशाखातलं वऱ्हाडचं ऊन हेमसिंग मुंबईत राहून विसरला असावा. डिंकानं चिकटवलेले ठिपके घामानं निसटायला लागले. पुंजाजीच्या नाकावरचा ठिपका त्याच्याच चहात पडला आणि पुंजाजीनं तो चहासकट पिऊन टाकला. शेजारच्या पंचफुलाच्या गालावरचा ठिपका हनुवटीपर्यंत उतरला. त्याहून मोठी अडचण दुसरीच होती. इथल्या माणसानं फोटो दोनच वेळा पाहिलेला. एक लग्नात, आणि एक माणूस गेल्यावर भिंतीवर, हार घातलेला. दोन्ही ठिकाणी हसणं बरं दिसत नाही. त्यामुळं हेमसिंगनं कॅमेरा लावला रे लावला की जो तो ताठ व्हायचा, हात गुडघ्यावर ठेवायचा आणि श्वास कोंडून धरायचा. पंचफुला तर घरी जाऊन लग्नातलं लुगडं नेसून आली.

“हासा ना, काकू,” हेमसिंग काकुळतीला येऊन म्हणाला.

“फोटोत हासतेत काय बापा? लोकं काय म्हंतीन?” पंचफुला ओठ न हलवता म्हणाली.

“हे फोटो नाई, हलते चित्र हाय.”

“मंग तं आखीन वाईट,” असं म्हणून तिनं ओठ गच्च मिटले.

दुपारपर्यंत हेमसिंग घामाघूम झाला. पाणी प्यायला तो ओसरीवर येऊन टेकला, आणि त्याची नजर दाराशी टाकलेल्या बाजेकडं गेली. केशरबाई उताणी पडली होती. सावळ्या, सुरकुतलेल्या चेहऱ्यावर गोंदणाचे हिरवट ठिपके. कपाळाच्या मधोमध एक, दोन्ही डोळ्यांच्या कडेला एकेक, दोन्ही गालांवर एकेक, हनुवटीवर तीन. डाव्या गालावरचा ठिपका जरा मोठा होता. लहानपणी गोंदणारणीची सुई त्या जागी चुकून दोनदा टोचली गेली होती, आणि तेव्हाची आपली बोंब केशरबाईनं म्हातारपणापर्यंत सगळ्यांना नक्कल करून दाखवली होती.

हेमसिंग पाण्याचा तांब्या हातात धरून तसाच बघत राहिला.

“वहिनी,” तो अंजनाला म्हणाला, “मी सकायपासून लोकाइच्या तोंडाले डिंक फासून राह्यलो, अन् या तं कवाच्याच ठिपके लावून बसल्या.”

अंजनाला एकदम धीर आला. तिनं पदर सावरला आणि एका दमात बोलून टाकलं. “भाऊ, तुमची मशीन चेहऱ्यावरून आतलं सांगते म्हंता ना? मंग आमच्या मायचं सांगा. आत कोनी हाय का नाई, येवढंच सांगा. दुसरं काईच नको मले.”

हेमसिंगला हे अवघड वाटलं असणार. न हलणाऱ्या चेहऱ्याची हलती फिल्म काढायला सांगणारं त्याला आजवर कुणी भेटलं नव्हतं. पण बंजाऱ्याच्या तांड्यावर त्याची आजी असेच ठिपके मिरवत मेली होती, आणि रिळात थोडी फिल्मही उरली होती. त्यानं कॅमेरा बाजेपाशी आणला, शेजारी टेपरेकॉर्डर ठेवला आणि कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवली. टाळीचा आवाज टेपमध्ये आणि टाळीचं चित्र फिल्ममध्ये, म्हणजे मागाहून दोन्ही जुळवता येतात, असं त्यानं सांगितलं. मग अंजनाला म्हणाला, “तुमी रोज बोलता तसं बोला.”

अंजना बोलायला लागली. आदल्या आठवड्यातल्या सभेची गोष्ट तिनं सासूला सांगितली. ग्यानबा भाषणाला उभा राहिला, आणि पंचफुलाची बकरी दावं तोडून आली आणि मागून त्याच्या धोतराचा सोगा खायला लागली. ग्यानबा आपला मिशीला पीळ देत सांगतोय, समाजानं आता मागं वळून पाहायचं नाही. लोक हसतायत, तर त्याला वाटलं भाषण रंगलं. शेवटी बकरीनं असा हिसका मारला की पुढाऱ्याला खाली बसूनच भाषण पुरं करावं लागलं. अंजनाला नकला जमत नसत, पण सासूपुढं ती प्रयत्न करायची. कॅमेरा घरघरत होता. केशरबाई छताकडं बघत होती.

तेवढ्यात देवमन ड्युटीवरून आला. खाकी कपड्यात, धुळीनं भरलेला. उंबऱ्यातच थांबून त्यानं सगळा प्रकार पाहिला आणि बाजेपलीकडच्या हेमसिंगला तिथूनच म्हणाला.

“कायले रीळ वाया घालवतं बे? तिले काय समजते! पोळा झाला का भागिरथाच्या घरी नेऊन टाकतो. आता ते गोठ्यात ठेवली काय अन् महालात ठेवली काय, तिले सारखंच.”

हेमसिंगनं कॅमेरा बंद केला नाही. थोड्या वेळानं रीळच संपलं आणि फट् फट् आवाज करायला लागलं. दुसऱ्या दिवशी तो आपलं सामान घेऊन गेला.

अंजना वाट बघत राहिली. आषाढ गेला, श्रावण गेला, पोळा झाला. हेमसिंगचा पत्ता नव्हता. देवमननं भांडीकुंडी पोत्यात बांधली, शिरपूरला जायला बैलगाडी सांगून ठेवली. अंजना रोज सासूला न्हाऊ घालताना म्हणायची, “माय, तुमाले सांगून ठेवते, मी येईन शिरपूरले. दर महिन्याले येईन.” आणि असं म्हणताना आपण कुणाला सांगतो आहोत हे तिचं तिलाच ठाऊक नसे. विश्वास ठेवून ठेवून तीही थकली होती. गाडी यायच्या आदल्या सकाळी मात्र हेमसिंग एसटीतून उतरला. एका हातात टेपरेकॉर्डर आणि काखेत कागदाचा हा एवढा गठ्ठा.

“पत्रात लिहिन्यासारखं नव्हतं,” तो अंजनाला म्हणाला. “म्हून सोताच आलो.”

बातमी वस्तीभर झाली. ग्यानबा, पुंजाजी, पंचफुला, सगळे अंगणात येऊन बसले. आपली चित्रं मशीनला कशी वाटली हे जो तो विचारू लागला. हेमसिंगनं डोकं खाजवलं.

“मशीन म्हंते, सारं गाव रागात हाय.”

एकच हशा पिकला. पंचफुला म्हणाली, “उन्हात उभं ठेवल्यावर राग येईन नाई तं काय?”

“पाहा लेका तुही मशीन,” देवमन म्हणाला. तो पोत्यावर बसून दोरी आवळत होता. “अख्ख्या वस्तीले रागीट म्हंते. अन् ते माह्या मायचं सांगनार!”

“चुकते ना. लय चुकते,” हेमसिंग म्हणाला. “तुमी तोंड आवळून धरलं, तिनं आवळलेलं तोंड मोजलं. पन ज्यांले तोंड आवळताच येत नाई, त्याइचं काय ते पाहा.”

त्यानं गठ्ठा सोडला. कागद सलग होता, घडीवर घडी, दोन्ही कडांना बारीक भोकं. त्याचं एक टोक त्यानं लिंबाच्या बुडाशी ठेवलं आणि उलगडत उलगडत ओसरीच्या पायरीपर्यंत आणलं. प्रत्येक घडीवर मशीननं छापलेल्या काही चांदण्या होत्या, बाकी कोरा कागद. वर एक, खाली दोन, त्याखाली दोन, तळाला तीन. आधी कुणाला काही उमगलं नाही. मग अंजनानं तोंडावर हात ठेवला. ती म्हणाली, “माय हाये ही.”

आणि एकदा तिनं म्हटल्यावर सगळ्यांना दिसलं. नाक नाही, डोळे नाहीत, कातडी नाही, तरी अंगणभर केशरबाईच केशरबाई पसरली होती. पुंजाजीनं पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या. का काढल्या ते त्यालाही माहीत नसावं. जी मशीन मुंबईला, जिनं मेडशी पाहिलं नाही, जिला आईबाप नाहीत, तिनं या वस्तीतली एक म्हातारी ओळखून कागदावर काढावी, याचा अचंबा प्रत्येकाच्या तोंडावर होता. तेव्हा कॅमेरा असता तर मशीनला पहिल्यांदा वेगळं काहीतरी सांगता आलं असतं.

“आता हे पाहा,” हेमसिंगनं टेप सुरू केला. टाळीचा आवाज आला. त्याचं बोट पहिल्या घडीवर होतं. टेपमधून अंजनाचा आवाज येऊ लागला तसं ते बोट घडीमागून घडी पुढं सरकू लागलं. ग्यानबा भाषणाला उभा राहिला. बकरी आली. सोगा धरला. अंगणातला ग्यानबा मिशीवर हात फिरवू लागला. आणि बकरीनं हिसका मारला तिथं हेमसिंगचं बोट थांबलं.

“हा गालावरचा ठिपका. डावा. मागच्या घडीत कुठं होता, आता कुठं हाय?”

अंजनानं वाकून पाहिलं. चांदणी वर सरकली होती. ज्वारीच्या दाण्याएवढी, पण सरकली होती. पुढच्या घडीत आणखी थोडी. डोळ्याच्या कडेची तिच्यासोबत.

“मी म्हंतलं कॅमेरा हालला असंन,” हेमसिंग हळू आवाजात सांगत होता. “पन कॅमेरा हालला असता तं सारेच ठिपके संगं हालले असते. कपायावरचा जागचा हालला नाई. मंग म्हंतलं मीच मोजन्यात चुकलो. दुसऱ्यांदा मोजलं. मशीनले हे कोनाचं तोंड हाय ते मी सांगितलं नव्हतं, तिले लकवा ठाऊक नाई, काई ठाऊक नाई. तिनं येकच छापलं. ही बाई हासून राह्यली.”

अंजना तिथंच कागदापाशी बसली. चार वर्षं ती बोलत होती आणि चार वर्षं कुणीतरी हसत होतं. कितीदा हसली असेल ही बुढी, कोणकोणत्या गोष्टीला हसली असेल, आणि आपण पाठमोऱ्या बसून ओसरी सारवत होतो! तिला एकदम इतकं भरून आलं की तिनं तो कागद दोन्ही हातांनी धरून ठेवला.

पंचफुला पुढं सरकली. तिचा चेहरा पार उतरला होता. “आवं माय,” ती पुटपुटली, “मंग इनं सारं आयकलं?” भिंतीपुढं बोलावं तशी पंचफुला गेली चार वर्षं या बाजेपाशी बसून आपल्या सासरच्या सगळ्या कुलंगडी सांगून मन मोकळं करत आली होती. बाजेवरच्या बाईनं तिच्याकडं पाहिलंही नाही, ती आपली छताकडं बघत होती.

लोक पुन्हा हसले. पण टेप चालूच होता, आणि आता त्यातून देवमनचा आवाज आला. कायले रीळ वाया घालवतं बे. तिले काय समजते. हेमसिंगनं टेप बंद करायला हात नेला, मग मागं घेतला. त्याचं बोट पुढं सरकत राहिलं. भागिरथाच्या घरी नेऊन टाकतो. गोठ्यात ठेवली काय अन् महालात ठेवली काय, तिले सारखंच.

तिथं बोट थांबलं. गालावरची चांदणी खाली आली होती. आधी होती त्याहूनही खाली. हनुवटीवरच्या तीन चांदण्या एकमेकींच्या जवळ सरकल्या होत्या.

“अथी मशीनले इचारायची गरज नाई,” हेमसिंग म्हणाला.

देवमनच्या हातातून दोरी सुटली. तो उठला. त्या लांब कागदाच्या कडेकडेनं, एकाही घडीवर पाय न देता, तो ओसरीपर्यंत चालत आला, आणि चार वर्षांत पहिल्यांदा उंबऱ्यात न थांबता थेट बाजेपाशी गेला. खाली बसला. आईचा हात त्यानं हातात घेतला, तो हात गार आणि हलका होता.

“माय,” तो म्हणाला. “माय, मले वाटलं तू नाईच आता. मले वाटलं तू गेली.”

केशरबाई छताकडं बघत होती.

“अकोल्याले चाल आमच्यासंगं. जिना हाय तं काय, पाठीवर घेऊन चढतो तुले. येतं ना? माय, येतं ना?”

चेहरा होता तसाच होता. अंगणातली माणसं ओसरीपाशी सरकली. देवमन त्या चेहऱ्यात शोधत होता, डोळ्यांत शोधत होता, ओठांत शोधत होता, आणि त्याला काही सापडत नव्हतं. अंजना त्याच्यामागं येऊन उभी राहिली.

“तोंडाकडं पाहू नका,” ती हलकेच म्हणाली. “मशीनले तोंड कुठं दिसते? ठिपक्याकडं पाहा.”

देवमननं डाव्या गालावरच्या त्या मोठ्या ठिपक्यावर नजर लावली. पण आता डोळे भरून आल्यामुळं त्याला ठिपकाही धड दिसेना. चार वर्षांचं रडू एकदम वर आलं. खालचा ओठ लांब झाला, डोळे बारीक झाले, आणि सदऱ्याच्या बाहीला नाक पुसत हा बाप्या माणूस सगळ्या वस्तीदेखत लहान पोरासारखा हमसून रडायला लागला. त्यानं नाक इतक्या जोरात ओढलं की लिंबावरचे कावळे उडाले.

आणि ठिपका वर सरकला.

अंजनानं पाहिला. पंचफुलानं पाहिला. कागदावर ज्वारीच्या दाण्याएवढा होता, इथं तर तिळाएवढाही नसेल, पण कुठं बघायचं ते आता सगळ्यांना माहीत होतं. ग्यानबानं डोक्यावरची टोपी काढली. हेमसिंग, ज्यानं तो ठिपका मुंबईला पडद्यावर शेकडो वेळा मोजला होता, तो ओसरीच्या खांबाला धरून उभा राहिला.

“हासल्या,” अंजना म्हणाली.

देवमननं ओली मान वर केली. “कायले?”

“तुमाले. तुमच्या रडन्याले हासून राह्यल्या.”

देवमननं बाहीनं डोळे पुसले आणि नीट पाहिलं. ठिपका अजून वरच होता. त्यानं आईचा हात आपल्या गालाला लावला.

“हास, माय,” तो म्हणाला, “हास,” आणि त्याला आणखी जोरात रडू आलं.